झोपेवरचं व्याख्यान

साताऱ्याच्या लॉजच्या मालकाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे हमाल होता आणि त्याच्या डोक्यावर लाकडी पेटी होती.

"बरोबर कोण आहे?" मालकाने विचारलं.

"शिवणयंत्र," मी म्हणाले.

त्याला ते उत्तर आवडलं नाही. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला, पोट गल्ल्याला टेकलेला तो गृहस्थ माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिला. मी त्याला रीतसर सांगितलं, की मी पुण्याच्या एका कंपनीची शिवणशिक्षिका आहे, गावोगाव हिंडून बायकांना यंत्र चालवून दाखवते, यजमान वारल्याला बरीच वर्षं झाली, आणि मला खोली हवी आहे. त्याने नाइलाज झाल्यासारखा सुस्कारा सोडला आणि स्वयंपाकघराला लागून असलेली खोली दिली. "इथं आमची नजर राहते," तो म्हणाला. ही सोय माझी की त्याची, ते त्याने सांगितलं नाही.

खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी होती, कारण फळीला तिची भोकं होती. मी परत जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "एकटी माणसं आतून कडी लावतात, काहीबाही करून घेतात आणि मग आम्हाला दार फोडावं लागतं." कडी काढून टाकल्याने माणसं मरायची थांबतात अशी त्याची समजूत होती. मी यंत्राची पेटी ढकलत दाराला लावली आणि आडवी झाले. झोप अर्थातच आली नाही.

ही काही नवी गोष्ट नव्हती. पुण्याला घरी मी पडल्या पडल्या झोपत असे. शेजारी भांडण चालू असलं, खालच्या मजल्यावर कांडण चालू असलं तरी झोपत असे. परंतु फिरतीची नोकरी धरली आणि परक्या गादीवर डोकं टेकलं की डोळे टक्क उघडे. लॉजमधल्या गाद्यांना आदल्या माणसाच्या तेलाचा वास यायचा. ढेकूण तर गिऱ्हाइकाची वाटच बघत असत. मी घरची चादर नेऊ लागले, घरचा अभ्रा नेऊ लागले, गादीच्या कडांना रॉकेल लावू लागले. त्याने ढेकूण कमी झाले आणि डोकं दुखू लागलं. रॉकेल तेव्हा रेशनवर मिळत होतं, तेव्हा तीही चैन फार दिवस परवडली नाही.

पण ढेकूण परवडले. सल्ले देणारी माणसं परवडली नाहीत. ज्यांना झोप येते त्यांना वाटतं, की ती त्यांनी कमावली आहे. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, "वाचत पडा." त्यांनी स्वतः किमतीचा तक्ता सोडून आयुष्यात काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. एका लॉजमालकाच्या बायकोने सांगितलं, "स्तोत्र म्हणा." मी म्हटलं. मला ते शेवटपर्यंत पाठ झालं, एवढाच त्याचा परिणाम. दुसऱ्या कोणी दुधात जायफळ सांगितलं. ते तिथल्या मालकाने पाठवलंही, पण त्या दुधात दूध शोधावं लागत होतं. आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं होतं. ते मात्र गुणकारी निघालं. रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वाईला पंचवीस-तीस बायकांसमोर टीप घालताना मला अशी गुंगी आली, की सुई नखातून आरपार गेली. बायका किंचाळल्या. यंत्र किती वेगाने चालतं हे त्यांनी पाहिलं, आणि घरी जाऊन आपल्या मुलींना त्याच्या जवळपास फिरकायचं नाही अशी ताकीद दिली. बाटली मी गटारात ओतली.

तर साताऱ्याच्या त्या लॉजमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने माझे डोळे पाहिले, काय काय उपाय झाले ते विचारून घेतलं आणि जेवणाच्या वेळी सगळ्या पंगतीला सांगून टाकलं, की खालच्या खोलीतल्या बाईंना झोप येत नाही, डॉक्टर, स्तोत्र, जायफळ सगळं करून झालं. पंगत पुरुषांची होती. माझं पान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मांडलं होतं. पण आवाज उंबरा मानत नाहीत.

"कोणाला झोप येत नाही?" पंगतीतून एक भारदस्त आवाज आला.

तेव्हा मी त्या गृहस्थांना पहिल्यांदा पाहिलं. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, मानेवर रुळणारे केस. सगळे आमटीभात जेवत होते आणि यांच्या पानात भिजवलेले मूग होते, तेही मोजून घेतल्यासारखे. हे निसर्गोपचारावर व्याख्यानं देत हिंडत असत. त्यांचा खास विषय झोप. आदल्या संध्याकाळी साताऱ्यात त्यांचं व्याख्यान झालं होतं आणि मालक त्याने इतका भारावला होता, की त्यांना माडीवरची हवेशीर खोली दिली होती. तिला कडी होती की नाही, ते मला माहीत नाही.

"बाई," ते तिथूनच म्हणाले, "निद्रा मागून मिळत नाही. आपण तिच्यामागे लागलं की ती पळते. आपण करता काय?"

"शिवणयंत्र चालवायला शिकवते."

"तेच!" त्यांनी मूग बाजूला सारले. "यंत्र! सुई सारखी खालीवर, खालीवर. तीच मनाला टोचत राहते. स्त्रीचं मन आधीच चंचल, त्यात यंत्राची संगत. मला बघा. दिवेलागण झाली, हातपाय धुतले, उशीला डोकं टेकलं की संपलं. सूर्य उगवेपर्यंत मी या जगात नसतो."

पंगतीने माना डोलावल्या. मालकाने तर हातच जोडले. मग व्याख्यात्यांनी मला एक तेल सुचवलं. ते तळपायाला चोळायचं होतं. ते तेल त्यांनीच बनवलं होतं, आणि बाटलीवर त्यांचा स्वतःचा डोळे मिटलेला फोटो चिकटवलेला होता. फोटोत ते फार गाढ झोपलेले दिसत होते. ज्याला खरोखर झोप लागली आहे तो माणूस उपरण्याची घडी इतकी नीट ठेवत नाही, असं मला वाटून गेलं. मी तेल घेतलं नाही.

त्यानंतर आमचं सांगलीला जाणं एकाच सर्व्हिस मोटारीने व्हावं, हा निव्वळ योगायोग. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून मिळत नव्हतं. मोटारींच्या पाठीमागे कोळशाची भट्टी बसवलेली असे, आणि चढ लागला की ती बंब पेटवल्यासारखी धुरायची. त्या धुरात, त्या खडखडाटात सगळी मोटार झोपली. माझ्या शेजारी एक पेन्शनीत आलेला हवालदार होता. तो माझ्या यंत्राच्या पेटीवर हात टाकून, त्या हातावर डोकं टाकून घोरत होता. मोटार एका खड्ड्यात आदळली तेव्हा तो जागा झाला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी झोपला न्हाई व्हय?"

"मला प्रवासात झोप येत नाही."

"आवं, मिसरात वाळूत झोपलोय मी. वर इमानं, खाली इच्चू. लय झ्याक झोप. सायब लाथ मारून उठवायचा."

त्याच्या छातीवर पदकं होती. त्यातलं एखादं झोपेबद्दल मिळालं असावं अशा थाटात तो बोलत होता. कराडला तो उतरला. तिथून पुढे त्याला कुंडलला जायचं होतं. उतरताना त्याने मला दिलासा दिला, "पाठ टेकायची आन् डोळं झाकायचं. त्यात काय हाय?" मी त्याचे आभार मानले. डोळे झाकायचे असतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. ड्रायव्हर सोडला तर साऱ्या मोटारीत दोनच माणसं सतत जागी होती: मी, आणि पुढच्या बाकावरचे व्याख्याते. त्यांची मान एकदाही कलली नाही. मी बघते आहे हे दिसल्यावर ते मागे वळून म्हणाले, "दिवसा झोपणं निसर्गाविरुद्ध आहे."

सांगली तेव्हा संस्थान होतं, आणि संस्थानी गावांना इंग्रजी मुलखातल्या गावांपेक्षा आपण जरा वरचे असं वाटत असतं. लॉज मात्र कुठलंही असो, तेच असतं. गणपती पेठेच्या मागच्या त्या लॉजचा मालक एक शब्दही विचारणारा नव्हता. विधवा, सधवा, साधू, दरोडेखोर, त्याला सगळे सारखे. त्याने मला माडीवरची खोली दिली. कडी होती. भिंत मात्र एका बाजूला लाकडी फळ्यांची होती आणि आढ्याच्या हातभर खालीच संपत होती. खाली रस्त्यावर हळदीची पोती उतरत होती आणि सगळ्या हवेला, उशीला, पाण्याच्या तांब्याला हळदीचा वास होता. पलीकडच्या खोलीत कोण उतरलं आहे, ते मला सामान ठेवतानाच आवाजावरून कळलं. व्याख्याते पोऱ्याला सांगत होते, "आता सकाळपर्यंत मला उठवू नकोस. मी निद्राधीन होणार."

दिवे मालवले. मी टक्क जागी. आणि मग पलीकडे जमिनीच्या फळ्या वाजायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या टोकापासून या टोकापर्यंत. मधेच तांब्यातून पाणी पिण्याचा घटघट आवाज. मधेच सुस्कारा. थोड्या वेळाने भिंतीवरून विडीचा वास आला. निसर्गोपचारात तंबाखू म्हणजे विष, हे साताऱ्याच्या मालकाने मला ऐकवलं होतं. व्याख्यानात ऐकलेलं सगळं तो मला ऐकवत असे. आणि विडीनंतर आला कुरकुर, कुरकुर असा आवाज. मी ओळखला नाही. मग लसूण-तिखटाचा वास आला आणि ओळखला. भडंग. मूग खाऊन जगणारा माणूस अंधारात सांगलीचं भडंग खात होता.

खरं सांगते, कित्येक दिवसांत मला इतका आनंद झाला नव्हता.

"जागे आहात का?" मी मोठ्याने विचारलं.

कुरकुर थांबली. मग अगदी बारीक आवाजात उत्तर आलं, "चिंतन चाललंय."

"भडंगाचं?"

त्यानंतर पहाटेपर्यंत फळ्या वाजल्या नाहीत. बिचारे एका जागी उभे राहिले असावेत.

सकाळी मागच्या अंगणात नळाशी ते भेटले. डोळे लाल, चेहरा ओढलेला, उपरणं मात्र घडीतलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी मला कठड्याशी बोलावलं.

"बाई, तुम्ही कुणाजवळ बोललात का?"

"अजून नाही."

ते कठड्यावर बसले. मग त्यांनी मला सांगितलं ते असं: त्यांना कित्येक वर्षं नीट झोप आलेली नव्हती. घरात नाही, बाहेर नाही, कुठेच नाही. आधी ते एका शाळेत शिक्षक होते. झोप यावी म्हणून त्यांनी सगळं केलं. वैद्य, हकीम, आसनं, लंघन, माती, थंड पाण्याचा टब. झोपेबद्दल जिथे जे मिळेल ते वाचलं. इतकं वाचलं, की लोक त्यांना येऊन विचारू लागले. लोकांना ते सांगत गेले आणि लोकांना म्हणे गुण येत गेला. "ज्याला झोप येते तो झोपेचा विचार कशाला करेल?" ते म्हणाले. "मी विचार केला म्हणून मला कळलं. फक्त मला आली नाही."

मला त्यांची दया आली. आमचा चहा येईपर्यंत ती टिकली. कारण चहाचा कप हातात घेताच ते म्हणाले, "आज संध्याकाळी विश्रामबागेत व्याख्यान आहे. हळदीच्या एका मोठ्या अडत्यांच्या बंगल्यात. बायका पुष्कळ येतील. तुम्ही उभं राहून दोन शब्द सांगाल का? तेलाने तुम्हाला गुण आला म्हणून?"

"मी तेल लावलेलंच नाही."

"दुपारी लावा," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला आणि खोलीत निघून आले. मला दया आली याचाच मला राग आला होता. त्या अडत्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी माझंही यंत्राचं प्रात्यक्षिक ठरलेलं होतं. अडत्यांच्या बायकोने मला त्या संध्याकाळच्या व्याख्यानालाही बोलावलं होतं. बरं झालं, मी म्हटलं. जाऊ या. व्याख्यान संपलं की हे गृहस्थ सगळ्या व्याख्यात्यांप्रमाणे "कोणाच्या काही शंका?" विचारतील, तेव्हा उभं राहायचं आणि भरसभेत विचारायचं: 'महाराज, आपण स्वतः काल रात्री किती झोपलात?' दुपारभर मी ते वाक्य घासूनपुसून ठेवलं. 'महाराज' ठेवायचं की 'गुरुजी', एवढाच प्रश्न राहिला होता.

विश्रामबागेत तेव्हा वस्ती तुरळक होती. मोकळ्या माळावर तो नवा बंगला, त्याला मोठा दिवाणखाना, आणि दिवाणखान्यात विजेचा पंखा. बायकांसाठी पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. अडत्यांच्या बायकोने माझा हात धरून मला अगदी पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसवलं. मी ताठ बसले. व्याख्यात्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला. मला बरं वाटलं.

ते बोलू लागले. "निद्रा हा निसर्गाचा प्रसाद आहे. ती मागून मिळत नाही..." तीच वाक्यं. साताऱ्याला आमटीभाताच्या पंगतीत ऐकलेली, त्याच चढउतारांची. आवाज भरीव होता, सावकाश होता. पंखा फिरत होता. मी माझं वाक्य मनात धरून बसले होते. 'महाराज, आपण स्वतः...' पशुपक्षी कसे झोपतात ते ते सांगू लागले. घोडा उभ्याने झोपतो. मासा डोळे उघडे ठेवून झोपतो. 'महाराज, आपण...'

मला टाळ्या ऐकू आल्या.

मी डोळे उघडले. माझं डोकं शेजारच्या बाईच्या खांद्यावर होतं. तोंड उघडं होतं, आणि तिच्या खांद्यावर त्या तोंडाची खूण होती. आजूबाजूला सगळे उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. बायका, पुरुष, अडते, त्यांच्या घरचा गडी. दिवाणखान्यातले दिवे लागले होते. म्हणजे मी झोपले तेव्हा ऊन होतं आणि आता अंधार पडला होता.

काय झालं होतं, ते मला अडत्यांच्या बायकोने मागून हौसेने सांगितलं. माझी मान पडल्याबरोबर व्याख्यात्यांनी बोलणं थांबवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात सभेला सांगितलं, की या बाईंना मी ओळखतो. साताऱ्याला सबंध लॉज यांच्या जागरणाची साक्ष देईल. डॉक्टर हरले, जायफळ हरलं, स्तोत्रं हरली. आणि बघा, आज नुसत्या श्रवणाने काय झालं. मग त्यांनी उरलेलं सगळं व्याख्यान माझ्याकडे बोट दाखवत केलं. "हा श्वास ऐका. ही जबड्याची शिथिलता पाहा." मी चांगली दोन तास झोपले होते आणि दोन तास शंभरेक माणसं माझ्या जबड्याची शिथिलता पाहत होती. तेलाची एक बाटली उरली नाही.

मी तशीच उभी राहिले. पदर सावरला. तयार केलेलं वाक्य काही केल्या आठवेना. मी म्हणाले, "हे स्वतः झोपत नाहीत. रात्रभर येरझारा घालतात. भडंग खातात."

सभा हसली. रागाने नव्हे, लहान मूल झोपेत बरळलं की हसतात तशी. अडत्यांच्या बायकोने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना सांगितलं, "अजून पुरत्या जाग्या नाही झाल्या हो बाई." कोणीतरी मला पाणी दिलं. व्याख्याते डोळे मिटून उभे होते; बाटलीवरच्या फोटोत होते तसेच.

खरं बोलल्याने काही होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा तोंडाला लाळ असताना बोलून पाहावं.

रात्री लॉजवर पोचले तेव्हा फळ्यांपलीकडे शांतता होती. मी पडले. संध्याकाळची झोप झाल्याने आता तर झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. थोड्या वेळाने पलीकडून हाक आली.

"बाई."

मी कूस बदलली.

"बाई, एकच विचारायचं होतं. नक्की कुठल्या वाक्याला लागली?"

"काय?"

"झोप. कुठल्या वाक्याला लागली? मी इतकी वर्षं हे व्याख्यान देतोय, मला स्वतःला कधी जांभईसुद्धा आलेली नाही. तुम्ही नेमकं काय करत होता?" त्या आवाजात थट्टा नव्हती. गोड खाणाऱ्याकडे मधुमेहाचा माणूस बघतो तसा तो आवाज होता.

"तुम्हाला उघडं पाडायची वाट बघत होते," मी म्हणाले.

"म्हणजे राग होता?"

"राग नाही. तिटकारा."

ते फळीजवळ सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुम्ही काहीतरी बोला ना."

"कशाबद्दल?"

"तुम्ही उद्या बायकांना जे सांगणार आहात ते. शिवणाबद्दल. मला त्याचा अतोनात तिटकारा आहे."

मला वाटलं, या माणसाला लाज नाही. पण मला झोप नव्हती, उद्याचं बोलणं मनात घोळवायचंच होतं, आणि तिटकारा तर माझ्याकडेही पुष्कळ होता. मी अंधारात छताकडे बघत सुरुवात केली. चोळीचं कापड आधी पाण्यातून काढून वाळवावं, नाहीतर शिवल्यावर आटतं. बाहीचं माप दंडाला फीत फार आवळून घेऊ नये. बाही कापताना पुढची गोलाई जास्त खोल, मागची कमी. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या की बाई रडते आणि कापड वाया जातं...

बाही खांद्याला जोडायच्या आत ते घोरू लागले.

आणि काय घोरणं! हवालदाराचं घोरणं त्यापुढे बासरी होती. वर्षानुवर्षांची थकबाकी एका रात्रीत वसूल करत असल्यासारखा तो माणूस घोरत होता. फळ्या थरथरत होत्या. कुठूनतरी खालून मालकाने ओरडून विचारलं, "कोण रं त्यो?" मी कानात कापूस घातला, डोक्यावर उशी घेतली, फळीवर चपलेने ठोकलं. काही उपयोग झाला नाही. त्याला झोप मी लावली होती आणि आता ती मोडायची सोय माझ्याजवळ नव्हती.

सकाळी ते अंगणात आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. चेहरा सुजलेला, गाल गुलाबी, दहा वर्षांनी लहान. उपरण्याची घडी विस्कटलेली होती. ते आभार मानतील अशी माझी अपेक्षा होती, असं नाही. पण ते काय बोलतात याची उत्सुकता होती. त्यांनी आळस दिला आणि म्हणाले, "माझी पद्धत अखेर मला लागू पडली म्हणायची." एवढं बोलून ते टांग्यात बसले आणि मिरजेच्या स्टेशनकडे निघून गेले. पुढे कुणाकडून तरी कळलं, की त्यांनी व्याख्यानात एक नवा भाग घातला आहे: स्त्रियांनी शिवणकाम अवश्य शिकावं, त्याने घरातल्या पुरुषांना शांत झोप लागते.

त्या दिवशी विश्रामबागेत माझं प्रात्यक्षिक झालं. इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. बायका यंत्राकडे बघतच नव्हत्या. काल झोपलेल्या बाई आज जागेपणी कशा दिसतात ते बघायला त्या आल्या होत्या. एकीने विचारलं, "ते तेल तुमच्याकडे मिळेल का?" मी म्हणाले, "माझ्याकडे तेल आहे, पण ते यंत्रात घालायचं." तिने तेही मागितलं. यंत्रं मात्र पुष्कळ खपली. कंपनीच्या साहेबांनी नंतर माझी पाठ थोपटली आणि सांगलीच्या बायका फार चोखंदळ असतात, असा निष्कर्ष काढला.

परतीच्या मोटारीत एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. ती सांगलीच्याच सभेत होती. पुण्याला बहिणीकडे चालली होती. तिने मला लगेच ओळखलं, पण शिरवळ येईपर्यंत धीर धरला. शिरवळला मोटार चहाला थांबली तेव्हा तिने हळूच विचारलं, "आमच्या ह्यांना रात्री झोप येत नाही. तुम्हाला नक्की कशाने आली हो? तेल तर आम्ही एक बाटली संपवली."

मी आता कुणाचीही भीड ठेवायची नाही असं ठरवलंच होतं. मी तिला खरं तेच सांगितलं. "ज्या माणसाचा मनापासून तिटकारा येतो, त्याला बोलायला लावायचं आणि आपण ऐकत बसायचं."

तिने बशीतला चहा फुंकला, प्यायली, आणि म्हणाली, "असं असतं तर लग्न झाल्यापासून मला जाग आली नसती."

ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही. मोटार सुटली. कात्रजचा घाट लागायच्या आत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपी गेली होती. तिचं डोकं जड होतं आणि हात अवघडला होता, पण मी तो हलवला नाही. पुण्याचे दिवे दिसू लागले तेव्हा मी तिला उठवलं.